चिलखतासकट तलावात उतरलेला पॅलाडिन

ताई, नमस्कार.

आम्ही पाच जण रविवारी दुपारी गावातल्या वाचनालयाच्या ओट्यावर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ खेळतो. पुस्तकं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची, कॅरेक्टर सगळ्यांची तिसऱ्या लेव्हलची, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी. मागच्या खेळात पार्टीला (कॅरेक्टरांच्या टोळीला) रात्रीच्या अंधारात तलाव पोहून पलीकडच्या पडक्या देवळात जायचं होतं. तलाव आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावासारखाच रंगवला होता: पाळ, सांडवा, एका अंगाला कमळं. पाणी शांत, पोहायचं अंतर नव्वद फूट.

पोहण्याचा नियम पुस्तकात पटकन सापडला नाही. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली एक पीडीएफ होती, त्यातून घेतला: शांत पाण्याला डीसी (गाठायचा आकडा) १०, दर राउंडला चेक (वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात कॅरेक्टरचा आकडा मिळवून डीसी गाठायचा), चिलखताचा दंड दुप्पट. पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) अंगावर चेनमेल (कड्यांचं जड चिलखत), म्हणजे उणे १०. तीनदा नापास झाला तर बुडून मेला, एवढं मी माझ्याकडून घातलं. पॅलाडिन पहिल्या तीन राउंडमध्येच तीनदा नापास झाला.

त्याला खेळवणारा माझा मित्र ढिवराच्या घरचा. लहानपणापासून बापासोबत तलावात जाळं टाकतो. तो असा भडकला की विचारू नका. म्हणाला, ‘मी डोये झाकून तलाव पार करतो अन् माहा पॅलाडिन साध्या पान्यात बुडते? तुया फाश्याले पोहनं काय समजते?’ त्यात जी मैत्रीण आयुष्यात गुडघाभर पाण्यापुढे गेली नाही, तिची एल्फ चोरटी दोनदा गटांगळ्या खाऊन का होईना, पलीकडे पोचली. तेव्हापासून मित्र खेळायला येत नाही.

माझं काय चुकलं? ज्याला खरंच पोहता येतं त्याला फाशावर काही वाढवून द्यायचं का? आणि पुढच्या भागात पुराचा नाला आहे, तो कसा घेऊ? पॅलाडिनची स्ट्रेंग्थ (ताकद) १६, कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) १४, अ‍ॅथलेटिक्समध्ये प्रवीण.

– तळाशी गेलेला डीएम, पवनी तालुका, जि. भंडारा

ता. क. आमच्या ड्रुइडला (निसर्गाची जादू करणारीला) जादूनं हे सगळं टाळता येईल का?

*

भाऊ,

आधी मरणाचं बोलू, कारण तुझा पॅलाडिन मेलेलाच नाही.

२०१४ च्या नियमांत श्वास रोखायची मुदत दिलेली आहे: एक अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (त्या गुणावरून फाशात मिळवायचा आकडा), तितकी मिनिटं. चौदाचा मॉडिफायर दोन, म्हणजे याला तीन मिनिटं. राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे तीस राउंड. श्वास संपल्यावरही मॉडिफायरइतके, म्हणजे आणखी दोन राउंड तो तग धरतो आणि मग शून्य हिट पॉइंटवर (जिवाच्या गुणांवर) येतो. मरणाची खरी लढाई तिथून सुरू होते. तू अठरा सेकंदांत त्याची तेरवी उरकलीस. अठरा सेकंद तर आपल्याकडची पोट्टी विहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन येतात.

आता तो नियम. तुझ्या पीडीएफमधला नियम खोटा नाही, पण तो २००३ सालच्या साडेतीनव्या आवृत्तीचा आहे. त्या आवृत्तीत पोहणं हे वेगळं स्किल होतं. शांत पाण्याला डीसी १०, खवळलेल्याला १५, वादळी पाण्याला २०. चारपर्यंत कमी पडलं तर माणूस जागच्या जागी हातपाय मारतो, पाच किंवा जास्त कमी पडलं तर पाण्याखाली जातो. चिलखताचा दंड पोहताना दुप्पट, हेही त्यातलंच. पण त्याच आवृत्तीत ‘टेक टेन’ नावाची सोय होती. जिवावर बेतलेलं नसेल, कुणी डोक्यावर बसलेलं नसेल, तर फासा टाकायचाच नाही, दहा पडले असं धरायचं. शांत पाण्याचा डीसी दहा आणि टेक टेनचेही दहा. म्हणजे साध्या अंगाचा, चिलखत नसलेला माणूस शांत तलावात कधीच नापास होत नाही. तुझ्या पीडीएफनं तुला डीसी दिला आणि टेक टेन गाळला.

तीनदा नापास म्हणजे मेला, हे तुला कुठून सुचलं तेही मला कळतं. पाचव्या आवृत्तीतल्या डेथ सेव्हला (शून्यावर आलेल्यानं जगण्यासाठी टाकायच्या फाशाला) तीन नापासांवर मरण येतं, ते तुझ्या डोक्यात होतं. एकंदर तुझी बंडी अशी झाली: एक चाक २००३ चं, दुसरं २०१४ चं आणि धुरा घरचा. ती तलावापर्यंत पोचली हेच नवल.

तुमच्या पुस्तकात पोहण्याचा नियम सापडला नाही, कारण तो चार ओळींचा आहे आणि स्किलच्या पानावर नाही, प्रवासाच्या पानांवर आहे. पोहताना दर एक फुटाला दोन फुटांची चाल खर्च होते, म्हणजे वेग निम्मा. बस्स. शांत पाण्याला चेक नाही. पाणी खवळलेलं असेल तर डीएमला वाटल्यास स्ट्रेंग्थ-अ‍ॅथलेटिक्सचा चेक मागता येतो. अ‍ॅथलेटिक्सच्या वर्णनात आणखी दोन प्रसंग दिले आहेत: दाट पाणवनस्पतींत अडकणं आणि कुणीतरी पाण्याखाली ओढणं. (या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली फुकट मिळतो. इंग्रजीत आहे, पण फॉरवर्ड केलेल्या पीडीएफपेक्षा बरा.)

दुसरे खेळही हेच म्हणतात. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत शांत पाण्यात बहुतेक वेळा चेकच नसतो. कॉल ऑफ क्थुल्हूमध्ये पोहण्याची सुरुवातच २० टक्क्यांपासून होते, पण तिथंही संकट असेल तेव्हाच फासा टाका असं सांगितलं आहे. नाहीतर त्या खेळातला प्रत्येक प्राध्यापक पाचपैकी चार वेळा हौदात बुडाला असता.

आता माझा खरा मुद्दा. डीसी दहा की पंधरा यावर डीएम लोक तासन् तास भांडतात, पण माणसाला बुडवतो तो डीसी नाही, फासा किती वेळा टाकायला लावला ते. तुझ्या पॅलाडिनचा अ‍ॅथलेटिक्सचा आकडा +५ (स्ट्रेंग्थचे ३, प्रावीण्याचे २). चिलखताचा दंड बाजूला ठेव. डीसी १० ला त्याला पाच किंवा जास्त हवेत, म्हणजे ८० टक्के. चांगला पोहणारा झाला ना? नव्वद फूट, राउंडला पंधरा फूट, सहा राउंड, सहा चेक. सहाही वेळा पास व्हायची शक्यता येते २६ टक्के. शांत तलावात, पट्टीचा पोहणारा, आणि चारपैकी तीन वेळा कुठे ना कुठे चुकणार! त्यात तू उणे १० घातलेस, मग त्याला पंधरा किंवा जास्त लागले. लागोपाठ तीनदा नापास व्हायची शक्यता ३४ टक्के. दर तीन वेळा उतरला की एकदा पहिल्या अठरा सेकंदांतच मेला, असा हिशेब. तुझा मित्र चिडला ते बरोबरच होतं, त्याला फक्त टक्के सांगता आले नाहीत.

म्हणून फासा हातात घ्यायच्या आधी स्वतःला विचार: हा नापास झाला तर नेमकं काय होणार? उत्तर ‘काही नाही, पुन्हा टाकेल’ असं असेल तर टाकायला लावू नकोस. उत्तर ‘मरेल’ असं असेल तरी लावू नकोस, कारण अधल्यामधल्या पायऱ्या तू अजून ठरवलेल्या नाहीत. भिजलेली दोरी, वाहून गेलेली ढाल, विझलेला कंदील, पहाऱ्यावरच्या माणसाला ऐकू गेलेला आवाज – पाणी माणसाकडून आधी या वस्तू घेतं.

चिलखताबद्दल मात्र मी तुझ्या बाजूनं आहे. चेनमेल ५५ पौंडांचं, म्हणजे २५ किलो. एवढं लोखंड अंगावर घेऊन पॅलाडिन बदकासारखा तरंगतो, आणि पाचव्या आवृत्तीत त्याला एका शब्दाचाही दंड नाही. हे कुणाही नदीकाठच्या माणसाला पटणार नाही. माझ्या टेबलावर असं आहे: जड चिलखत असेल तर डोक्यावरून पाणी जाईल तिथं तरंगता येत नाही, आणि हे पाण्यात पाय घालायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. चेनमेल उतरवायला नियमानं पाच मिनिटं लागतात, मदतीला कुणी असेल तर अडीच.

आता हेच आकडे तुझ्या पॅलाडिनवर लाव. तो तळाशी आहे, तीसपैकी तीन राउंड गेले, सत्तावीस उरले. मित्र खाली गेला आणि चिलखत सोडवू लागला तर पंचवीस राउंड. दोनच राउंड हातात, आणि मदत करणाऱ्याचा स्वतःचा श्वास कुठवर पुरेल? कॉन्स्टिट्यूशन १० असेल तर एकच मिनिट. दोघांनी आलटून पालटून खाली जावं लागेल. किंवा मग दुसरा मार्ग, जो मला जास्त आवडतो: त्यानं तळावरून चालत जावं. गाळातली वाट बिकट, म्हणून वेग निम्मा, राउंडला पंधरा फूट. तलाव तेवढाच रुंद. सहा राउंडांत तो नाकातोंडात गाळ घेऊन पलीकडच्या काठाला लागतो. रात्रीच्या वेळी तळाशी दिशा कुठली कळायला? तिथं टाकायला लाव फासा, विस्डम-सर्व्हायव्हलचा (रानात वाट ओळखण्याचा). चुकला तर पाळीच्या अंगाला गेला, जिथं पाणी सर्वांत खोल. आणि मुळात, तो तलाव किती खोल होता रे? आपल्याकडचे निम्मे तलाव उन्हाळ्यात छातीभरही राहत नाहीत. उभा राहून बघायला सांगितलं होतंस का त्याला?

तर मित्राच्या घरी जा आणि सांग की हिशेब चुकला होता, खेळ चौथ्या राउंडपासून पुन्हा सुरू होतोय. लांबलचक माफी नको. ‘तू तळाशी आहेस, सत्तावीस राउंड बाकी, काय करतोस?’ एवढं विचार. नाही आला तर मला पुन्हा लिही.

ज्याला खरं पोहता येतं त्याला फाशावर वाढवून द्यायचं का, तर नाही. तसं केलंस तर पाण्याला भिणारी ती मैत्रीण कधीच दर्यावर्दी होऊ शकणार नाही, आणि तुमच्यापैकी कुणी खरी तलवार तरी कधी चालवली आहे? कॅरेक्टरचं अंग कॅरेक्टरचं. पण मित्राची नजर ही टेबलाची कमाई आहे, ती वाया घालवू नकोस. पाण्याचं वर्णन करताना त्यालाच विचार: कमळाच्या देठांत पाय कुठं गुंततो, शिंगाड्याच्या वेलातून डोंगा कसा काढतात, सांडव्याची ओढ किती लांबून जाणवते, बेशरमाच्या झुडपाला धरून वर येता येतं का. तो सांगेल ते तुझ्या नकाशावर आलं की सगळ्यांनाच लागू. मैत्रिणीनं त्याचं ऐकून कमळं टाळली तर तिचाही चेक वाचला. ज्ञानाचं बक्षीस असं परिस्थितीत द्यायचं, एका खेळाडूच्या आकड्यात नाही.

आता नाला. हा तलावासारखा घेऊ नकोस. इथं फासा हवाच, पण मोजून.

समज पात्र १२० फूट. दर राउंडला चेक लावलास तर आठ चेक, आणि ८० टक्केवाल्याचीही आठही पास व्हायची शक्यता १७ टक्क्यांवर येते. त्यापेक्षा तीनच ठेव: उतरताना, धारेत आणि काठाला लागताना. डीसी १५. खालच्या अंगाला नव्वद फुटांवर रपटा (पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) आहे आणि त्याखाली सिमेंटचे पाइप, किंवा तुझ्या जगात जुन्या दगडी पुलाच्या अरुंद मोऱ्या. पुराचं पाणी तिथं माणसाला आत खेचतं, खरा धोका तो. एकदा नापास झाला की तीस फूट खाली वाहत गेला. पाच किंवा जास्तनं नापास झाला तर वाहत गेलाच, शिवाय पाण्याखालीही गेला. हा तुकडा मी साडेतीनव्या आवृत्तीतूनच उचलला आहे. उसनवारी करायला हरकत नाही, खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगून करायची. तीनदा वाहिला की रपट्याशी पोचला, आणि तिथंही मरण नाही, तिथं पाइपाच्या तोंडाशी अडकलेला माणूस आणि ओरडणारे मित्र. इथून खरा खेळ रंगतो.

काठाला लागण्याचा चेक लोक विसरतात. पुरात काठ म्हणजे निसटती चिकणमाती नाहीतर उभी दरड. नदी पोहून आलेला माणूस तिथंच थकून जातो. तो चेक मी कॉन्स्टिट्यूशनवर घेते.

खेळाडूनं अक्कल वापरली तर चेक कमी कर. वरच्या अंगाला चालत जाऊन, धारेच्या कलानं तिरपं पोहायचं म्हणाला तर पहिला चेक माफ. दोरी बांधून उतरला तर वाहून जाणं दोरीच्या लांबीइतकंच. सुकलेला भोपळा पाठीला बांधला, जसा आपल्याकडे पोहायला शिकताना बांधतात, तर पाण्याखाली जाणं रद्द, पण बुडीही मारता येणार नाही. गर्प्स नावाच्या खेळात एक छान गोष्ट आहे: पाण्यात स्वतःहून उतरलात तर चेकला +३ मिळतात, पडलात तर नाही. ढकललेल्या माणसाला आणि उतरलेल्या माणसाला एकच डीसी लावू नकोस.

श्वासाचा हिशेबही पुरात बदलायला हवा. तीन मिनिटं ही छाती भरून घेतलेल्या माणसाची. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत ५ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर, एवढेच राउंड मिळतात. तुझ्या पॅलाडिनला तिथं सात, म्हणजे ४२ सेकंद, आणि पाण्याखाली हल्ला केला की श्वास आणखी लवकर संपतो. शांत तलावाला तीस, पुराला सात, असं ठेवलंस तर दोन्ही पाण्यांतला फरक न सांगता कळेल. श्वास संपल्यानंतरच्या पायऱ्या २०२४ च्या नव्या नियमांतून घे: दर टर्नच्या शेवटी थकव्याची एक पातळी चढते, सहाव्या पातळीला मरण, आणि मधेच हवा मिळाली तर बुडण्यामुळे चढलेला सगळा थकवा उतरतो. अचानक शून्य हिट पॉइंटपेक्षा हे बरं, कारण वाचवणाऱ्यांना वेळ मिळतो.

वाचवणाऱ्यांसाठी एकच नियम घाल. बुडणारा माणूस समोर येईल त्याला कवटाळतो. समोरून गेलात तर अ‍ॅथलेटिक्सची झटापट, हरलात तर दोघेही खाली. मागून गेलात, किंवा काठावरून बांबू, दोरी, धोतर काहीही टाकलंत तर झटापट नाही. हे सगळं ओट्यावर बसून करायचं. नियम बरोबर की चूक ते बघायला कुणी श्रावणात खऱ्या नाल्यात उतरलं तर मी हे सदर बंद करेन.

आणखी एक, जे तुझ्या पत्रात नाही. वैनगंगेच्या पट्ट्यात बुडून गेलेला माणूस जवळजवळ प्रत्येकाच्या नात्यात किंवा ओळखीत निघतो. नाल्याचा प्रसंग लावायच्या आधी चौघांनाही एकेकटं गाठून विचार: पाण्यात जीव जाण्याचा प्रसंग चालेल का? कुणी नको म्हणालं तर कारण विचारू नकोस. नाल्याऐवजी जंगलातली आग घे.

ता. क. चं उत्तर: टाळता येईल, पण आत्ता नाही. २०१४ च्या नियमांत ड्रुइडला पोहणाऱ्या प्राण्याचं रूप चौथ्या लेव्हलपासून घेता येतं, तुमची अजून तिसऱ्यावर आहे. पाचव्या लेव्हलला तिला वॉटर ब्रीदिंग मिळेल, दहा जणांना चोवीस तास पाण्याखाली श्वास. वॉटर वॉकही तेव्हाच, म्हणजे पुरावरून चालत पलीकडे. दोन्ही रिच्युअल (सावकाश केलेला विधी) म्हणून केल्या तर स्पेल स्लॉटही (जादूचा मोजका साठा) जात नाही. तेव्हा नाल्याचा खेळ लावायचा असेल तर त्याआधीच लाव.